साडेतीन वर्षांच्या हातात पेन्सिल द्यायची का?

ओसरी

नमस्कार. गेली एकोणीस वर्षं मी साताऱ्याजवळच्या एका गावात बालवर्ग चालवते. तीन ते सहा वयाची सव्वीस मुलं, एक मोठी खोली, पुढे पडवी, मागे चिंचेचं झाड.

परवा एक आई मुलीला घेऊन आली. मुलगी तीन वर्षं आठ महिन्यांची. आधी शहरातल्या एका शाळेत जायची, वडिलांच्या बदलीमुळे आता इकडे आलेत. आईने पिशवीतून वही काढून दाखवली. पानामागून पान नुसता ‘अ’. मी एका पानाच्या मागच्या बाजूवरून बोट फिरवलं, तर अक्षरं बोटाला लागत होती, इतकी दाबून काढलेली. दोन ठिकाणी कागद फाटला होता. मुलीपुढे खडू ठेवला तेव्हा तिने तो मुठीत आवळून धरला आणि माझ्याकडे बघून विचारलं, “किती ओळी?”

ते “किती ओळी” डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा.

मला सांगायचंय ते एवढंच, की मुलाचं लिहिणं पेन्सिलीपासून सुरू होत नाही. ते बोलण्यापासून, ऐकण्यापासून आणि हाताला काम मिळण्यापासून सुरू होतं. पेन्सिल त्या रांगेत बरीच मागे उभी असते.

त्या ‘अ’कडेच बघा. मुलं साधारण दोन-अडीच वर्षांची झाली की उभी आणि आडवी रेघ ओढतात. तिसऱ्या वर्षाच्या आसपास गोल जमतो, चारच्या सुमारास अधिकचं चिन्ह, साडेचार-पाचला चौकोन. तिरकी रेघ सगळ्यात उशिरा येते, त्रिकोण पाचच्या आसपास किंवा नंतरच. आता ‘अ’ काढून बघा. एकावर एक दोन अर्धगोल, दोन्ही डावीकडे उघडे, मधून निघालेली आडवी रेघ, ती उभ्या दांडीला नेमकी भिडायला हवी, आणि वर शिरोरेघ. ‘इ’ तर त्याहून वळणावळणाची. वर्णमालेचा क्रम हा उच्चारांचा क्रम आहे, तोंडात कुठला आवाज कुठून निघतो त्याप्रमाणे लावलेला. हाताच्या सोयीने तो कुणी लावलेला नाही. हाताला विचाराल तर तो ‘ट’, ‘व’, ‘ग’, ‘प’ आधी मागेल. आपण मात्र ज्या हाताला अजून तिरकी रेघ येत नाही, त्याला पहिल्याच दिवशी ‘अ’ देतो आणि मग म्हणतो, मूल लिहायला कंटाळतं.

आमच्याकडे काय करतो ते थोडं सांगते. सकाळी पडवीत एका ताटात रांगोळी ठेवलेली असते. आमच्या मदतनीस मावशी रोज ठिपके काढतात आणि जे मूल येऊन बसेल त्याला चिमूट देतात. पहिले काही दिवस सांडासांड होते. मूल पाची बोटांनी रांगोळी उचलतं आणि एकदम ओततं. मग कधीतरी मावशींच्या बोटांकडे टक लावून बघतं आणि अंगठा, तर्जनी, मधलं बोट एवढीच पुढे करतं. रांगोळी बारीक धारेत पडायला लागते. पेन्सिल धरायला हीच तीन बोटं लागतात. मावशींनी कधी “पेन्सिल अशी धर” म्हटलेलं मी ऐकलं नाही, तरी त्यांच्या ताटापाशी बसलेल्या मुलांना पुढे पकड शिकवावी लागत नाही.

तुमच्या घरी, तुमच्या वर्गात काय चालतं? सविस्तर लिहा, मला खरंच वाचायचंय.

कौलारू

धागा आवडला. वर्णमालेचा क्रम उच्चाराचा, हाताचा नव्हे, हे इतक्या वर्षांत कधी डोक्यात आलं नव्हतं. काल रात्री मुलाला झोपवून चाळीस वर्षांत पहिल्यांदा ‘अ’ सावकाश काढून बघितला.

दुपारची_झोप

ताई, पटतंय सगळं, पण माझी अडचण सांगते. लेक चार वर्षांची. आम्ही ठाण्याला राहतो. तिच्या शाळेतल्या पालकांचा व्हॉट्सॲप गट आहे, तिथे रोज संध्याकाळी मुलांच्या वह्यांचे फोटो पडतात. कुणाचं ‘क ते ज्ञ’ झालंय, कुणी शंभरपर्यंत अंक लिहिलेत. पुढच्या वर्षी शाळा बदलायची आहे आणि तिथे ‘मुलाशी गप्पा’ या नावाखाली परीक्षाच घेतात, असं ऐकतोय. सासूबाईंचंही म्हणणं, की आमच्या वेळी पाटी होती, काही बिघडलं का? मी रोज तिला अर्धा तास बसवते. ती रडते. मग मी चिडते आणि रात्री मलाच झोप लागत नाही.

सरकी

मी वर्धा जिल्ह्यात अंगणवाडी सेविका आहे. ताईंच्या रांगोळीवरून आमच्याकडचं लिहावंसं वाटलं.

आमच्या गावात दिवाळीनंतर कापूस वेचणी असते. आया सकाळीच शेतात जातात. लेकरं मोठ्या बहिणीच्या कडेवर बसून अंगणवाडीत येतात. मी घरून वेचलेला कापूस आणते. बोंडाची टरफलं टोचतात म्हणून ती आधी काढून टाकते, नुसता कापूस टोपलीत ठेवते. लेकरं त्यातून सरकी काढतात. सरकीला कापूस घट्ट चिकटलेला असतो. एका हाताच्या चिमटीत सरकी धरायची, दुसऱ्या हाताने कापूस अलगद ओढायचा, ताकद लावली तर तुटतो. चार वर्षांचं लेकरू यात अर्धा अर्धा तास रमतं. मग त्या कापसाच्या वाती. मांडीवर तळहाताने वळायच्या. वाती घरी नेतात, आजी त्या खरोखर देवापुढे लावते. लेकराला वाटतं, आपण घरासाठी काहीतरी केलं.

आणि भाषेचं सांगते. आमच्याकडे एक चित्रांचा तक्ता होता, भाज्यांचा. कोथिंबिरीच्या चित्राला लेकरं म्हणाली “सांभार”. बटाट्याला “आलू”. नवीन असताना मी दुरुस्त करायची, सांभार नाही, कोथिंबीर म्हणा. एक पोरगी त्यानंतर दोन आठवडे तक्त्यापाशी आलीच नाही. विचारलं तर म्हणते, “मला नाही येत ते.” तिच्या घरी वाफ्यात सांभार लावलेला होता, पाणी तीच घालायची! तिला जे सगळ्यात जास्त येत होतं, तेच मी चूक ठरवलं होतं.

आता दोन्ही शब्द चालतात. टाळ्यांचा खेळ खेळतो. शब्द तोडून म्हणायचा, प्रत्येक तुकड्याला एक टाळी. सां-भार, दोन टाळ्या. को-थिं-बीर, तीन टाळ्या. आ-लू दोन, ब-टा-टा तीन. एकदा एक लेकरू म्हणालं, “बाई, आपला शब्द लहान आहे, लवकर होते.” पाच वर्षांचं लेकरू दोन शब्दांची लांबी मोजून सांगतंय. हे कुठल्याही वहीत येत नाही.

रजिस्टर, मोबाइलवरच्या नोंदी, वजनं, खिचडी, घरभेटी, यातून शिकवायला वेळ थोडाच उरतो. पण जो उरतो तो असा घालवते.

ओसरी

सरकीताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. टाळ्यांच्या खेळात तुम्ही फार मोठी गोष्ट करताय. शब्द म्हणजे आवाजांचे तुकडे, हे मुलाच्या कानाला कळलं की पुढे अक्षर शिकताना अर्धं काम झालेलं असतं. अक्षर हे त्या आवाजाचं चित्र. आवाजच ओळखीचा नसेल, तर नुसतं चित्र गिरवून काय मिळणार? मराठीत आपल्याला एक सोय आहे. ‘का’ हा मुलाच्या कानाला एकच तुकडा ऐकू येतो आणि लिपीतही तो एकत्रच बसतो. म्हणून तुकडे पाडायचे खेळ, एकाच आवाजाने सुरू होणारे शब्द शोधणं, शेवटच्या आवाजावरून भेंड्या, हे सगळं आपल्या लिपीशी छान जुळतं.

दुपारची_झोप, तुम्हालाही लिहिते, जरा वेळ द्या.

हातखंडा

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, नाशिकला. ‘हस्ताक्षर वाईट’, ‘लिहायला बसत नाही’ म्हणून माझ्याकडे मुलं येतात, त्यातली बरीच पाचच्या आतली.

एक निरोप सगळीकडे फिरतो, मनगटाच्या एक्स-रेचा. लहान मुलाच्या मनगटात हाडंच नसतात म्हणून लिहायला लावू नका, असा. त्यातलं निरीक्षण खरं आहे. मनगटात आठ छोटी हाडं असतात, जन्माच्या वेळी ती सगळी कूर्चेची असतात, एकेक करून टणक होत जातात आणि शेवटचं, वाटाण्यासारखं, नऊ ते बाराव्या वर्षी. पण त्यावरून ‘हाडं कच्ची म्हणून पेन्सिल वाईट’ असा निष्कर्ष काढू नये. खरं कारण हालचालीच्या ताब्याचं आहे. हा ताबा खांद्याकडून बोटांकडे येतो. आधी खांदा स्थिर व्हावा लागतो, मग कोपर, मग मनगट, शेवटी बोटं. तीन वर्षांचं मूल खडू फिरवतं तेव्हा त्याचा अख्खा हात खांद्यापासून हलतो, म्हणून त्याला भिंतीएवढा कागद लागतो. त्याच मुलाला बोटभर उंचीच्या दोन ओळींत बसवलं, की ते खांदा उचलून, बोटं आवळून, जीभ बाहेर काढून लिहितं. कागद फाटतो तो त्यामुळे.

म्हणून माझ्याकडच्या पालकांना मी आधी झाडावर चढायला, लोंबकळायला, बादली उचलायला, चारी पायांवर चालायचे खेळ खेळायला सांगते. त्यांना वाटतं, डॉक्टर विषय बदलतायत. मग कणीक, पिचकारी, कपड्यांचे चिमटे, ओला फडका पिळणं. कात्री चालवायला चौथ्या वर्षापासून जरूर द्या, बोथट टोकाची. खडू पूर्ण लांबीचा देऊ नका, तोडून पेराएवढा तुकडा द्या. तो मुठीत धरताच येत नाही, मुलाला तीन बोटांनीच धरावा लागतो.

पाच-साडेपाचनंतरही मूल बटण लावत नसेल, चमचा नीट धरत नसेल, सारखं पडत-धडपडत असेल, तर मात्र वाट बघत बसू नका, दाखवून घ्या.

पाटीदप्तर

थोडं वेगळं मत मांडतो. सोलापूर जिल्ह्यात जिल्हा परिषद शाळेत पहिली-दुसरी शिकवतो. धाग्यातलं सगळं बरोबर आहे, पण ते ऐकून ‘सहा वर्षांपर्यंत अक्षर दाखवायचंच नाही’ असा अर्थ लोक घेतात, त्याची मला भीती वाटते. ज्या घरात वर्तमानपत्र येतं, आजोबा वाचून दाखवतात, फ्रिजवर अक्षरं चिकटवलेली असतात, त्या घरातलं मूल न शिकवता बरंच शिकतं. माझ्याकडे ऊसतोड मजुरांची मुलं येतात. त्यांच्या खोपीत कागदाचा चिटोरा नसतो. बालवाडीतही अक्षर दिसलं नाही, तर ते त्यांना पहिलीत प्रथमच भेटतं आणि तोवर शेजारचं मूल पुढे निघून गेलेलं असतं. केंद्र सरकारचं ‘निपुण भारत’ अभियान २०२१ मध्ये सुरू झालं, तिसरीपर्यंत प्रत्येकाला वाचता यावं म्हणून. तिसरीचं हे ओझं शेवटी पहिलीच्या शिक्षकावर येतं. तेव्हा कृपया अक्षरं काढून टाका म्हणू नका.

ओसरी

पाटीदप्तर सर, तुमच्याशी मी पूर्ण सहमत आहे आणि हे मी आधीच लिहायला हवं होतं. अक्षर काढून टाकायचं नाही, गिरवणं काढायचं आहे. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आमच्या खोलीत अक्षरं भरपूर आहेत. प्रत्येक मुलाच्या खुंटीवर त्याचं नाव मोठ्या अक्षरात. पहिल्या महिन्यात मुलं खुंटी जागेवरून ओळखतात. मग मी पाट्यांची जागा बदलते, तेव्हा घोळका जमतो आणि प्रत्येक जण आपलं नाव शोधतो. रोज दोन पुस्तकं वाचते, बोट ओळीखालून फिरवत. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मुलं जे बोलतात ते मी त्यांच्यासमोर लिहिते. मूल चित्र काढतं, मी विचारते, काय आहे हे? ते सांगतं, “बैल पाण्यात बसलाय, उठत नाही.” मी चित्राखाली तेच लिहिते, त्याच्याच शब्दांत, आणि वाचून दाखवते. ते घरी जाऊन आईला ‘वाचून’ दाखवतं. आपलं बोलणं कागदावर राहतं आणि कुणीही ते परत बोलू शकतं, हे ज्याला कळलं त्याला लिहायची ओढ लागते. तुमच्या खोपीतल्या मुलांना याची गरज सगळ्यात जास्त आहे, आणि त्याला एक कागद आणि ऐकणारं माणूस एवढंच लागतं.

पाटीदप्तर

हे पटलं. ‘बैल पाण्यात बसलाय’ हे मी उद्यापासून पहिलीतही करणार.

चिकूवाडी

डहाणूकडची आहे, म्हणून इथलं थोडं सांगते. आपल्याला हे कुणी परदेशातून येऊन नव्याने सांगायची गरज नाही. गिजुभाई बधेकांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर काढलं. ताराबाई मोडक त्यांच्यासोबत काम करून इकडे आल्या आणि १९४५ मध्ये बोर्डीला त्यांनी ग्रामीण मुलांसाठी काम सुरू केलं. अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ मध्ये दोघी कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. मॉन्टेसरीची साधनं महाग होती, म्हणून त्यांनी शिंपले, बिया, खडे, पानं घेतली. मुलं बालवाडीत येईनात, तर बालवाडी पाड्यावर, घरांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द तिथला. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली, गुरं जिथे चरतात तिथेच शाळा.

२ ऑक्टोबर १९७५ ला सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. सरकीताईंची कापसाची टोपली त्याच वाटेवरची आहे. आमच्या आजीने अनुताईंना पाड्यावर चालत येताना पाहिलंय. ती सांगायची, बाई आधी मुलांना अंघोळ घालायच्या, केस विंचरायच्या, मग गाणी. मुलाला हात लावल्याशिवाय शिकवता येत नाही, हे मी आजीकडून ऐकलेलं.

शाळकरी मुलांवरचं अभ्यासाचं ओझं कमी करण्यासाठी सरकारने नेमलेल्या यशपाल समितीनेही १९९३ मध्ये बालवाडीच्या प्रवेशासाठीच्या चाचण्या आणि मुलाखती बंद करा, असं स्पष्ट म्हटलं होतं. इतकी वर्षं झाली आणि ठाण्याची आई अजून रात्री जागतेय, याचा राग येतो.

उंबरठा

आम्ही श्टुटगार्टजवळ असतो. मुलगा पाच वर्षांचा, इथल्या किंडरगार्टनमध्ये जातो. पहिली सहाव्या वर्षी, तोवर वही नाही. रोज बाहेर खेळतात, पावसातही, त्यासाठी वेगळी चिखलाची पँट न्यावी लागते. पहिल्या वर्षी मी घाबरून घरी चोरून पेन्सिल दिली होती. आता मराठी मात्र घरी जपतो, ते कसं हे वेगळ्या धाग्यात लिहीन.

निवृत्त_मास्तर

माझा नातू साडेचार वर्षांचा आहे आणि सगळं डाव्या हाताने करतो. सुनेला वाटतं, आत्ताच वळण लावावं. काय करावं?

हातखंडा

काका, अजिबात बदलू नका. कुठला हात पुढे राहणार हे चार ते सहाच्या दरम्यान पक्कं होतं, ती निवड मेंदूची असते. वस्तू त्याच्या समोर मधोमध ठेवा, ज्या हाताने घेईल त्याने घेऊ द्या. डावखुऱ्यांसाठी वेगळी कात्री मिळते, तेवढी आणा.

निवृत्त_मास्तर

आभारी आहे. सुनेला वाचून दाखवलं. लहानपणी माझ्या भावाचा डावा हात शाळेत बांधून ठेवायचे, ते आठवलं. तो आयुष्यभर लिहायला टाळत राहिला.

ओसरी

दुपारची_झोप, उशीर झाला, माफ करा. तुम्हाला एकच सुचवते. तीन आठवडे तो अर्धा तास तसाच ठेवा, पण टेबलावरून उठून स्वयंपाकघरात या. मटार सोला, मेथी निवडा, कणकेचा गोळा द्या. सासूबाईंना वाती वळायला तिला शेजारी घ्यायला सांगा, त्यांच्या हातात जे कौशल्य आहे ते तुमच्या-माझ्यात नाही. तोंडाने गप्पा चालू ठेवा. व्हॉट्सॲपचा गट तेवढे दिवस गप्प करून ठेवा. गप्पांच्या परीक्षेत तिला जे लागेल, म्हणजे अनोळखी माणसाशी मोकळेपणी बोलणं, ते तिला इथेच मिळेल.

दुपारची_झोप

तीन आठवडे झाले, म्हणून सांगायला आले.

पहिले चार दिवस ती दर संध्याकाळी विचारायची, “वही कुठंय?”, घाबरूनच. मग विचारणं थांबलं. सासूबाईंनी वातींचं मनावर घेतलं. दोघी दुपारभर बसतात. शेंगा सोलताना आतल्या दाण्यांची मोजणी होते, सातपर्यंत न चुकता येते. टाळ्यांचा खेळ तर घरभर चाललाय, शेजारच्या काकूंच्या नावाला सुद्धा टाळ्या झाल्या.

काल सासूबाई बाजारात निघाल्या. ही म्हणाली, थांब, मी यादी देते. माझ्या पर्समधलं बिल काढून त्याच्या मागे तिने लिहिलं. लाटांसारख्या चार ओळी, आणि चौथ्या ओळीच्या सुरुवातीला एक ‘ग’, उलटा, दांडी डाव्या बाजूला. तिच्या नावाची सुरुवात ‘ग’ने होते. मी शिकवलेला नाही, तिच्या डब्यावर लिहिलाय तेवढाच. मग आजीला बोट फिरवून वाचून दाखवलं, “मटार, केळी, दूध, आणि हे गाजर.”

सासूबाईंनी चष्मा लावून यादी नीट बघितली, घडी घालून बटव्यात ठेवली आणि त्याच चार गोष्टी घेऊन आल्या.

ओसरी

उलट्या ‘ग’ची काळजी करू नका, या वयात अक्षरं अशी फिरतात, पुढे आपोआप सरळ होतात. तो कागद टाकू नका. मागे तारीख घालून ठेवा.

सरकी

आजींना माझा नमस्कार सांगा. ग-ज-र नाही, गा-जर, दोन टाळ्या. उद्या आमच्याकडेही यादी करायला लावते लेकरांना.